रोबोटिक्स किट: तक्त्यात राहून गेलेला रकाना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत मुलांसाठी रोबोटिक्स किट निवडण्याबद्दल अर्धं पान होतं. सोबत तक्ता होता: सुटे भाग किती, सेन्सर किती, प्रकल्प किती, मोबाइलवर चालतं का, वय काय. तो तक्ता मी कात्रीने नीट कापून ठेवला, कारण भावाच्या घरी महिनाभर याच विषयाचा काथ्याकूट चालू आहे. कापून झाल्यावर पाहिलं तर मला हवा होता तो रकानाच त्यात नाही. किट बंद पडलं तर मुलाला त्याचं काय करता येतं, हा तो रकाना.

मला हे बोलायचा अधिकार काय, तेही सांगते. एका तंत्रनिकेतनाच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेत मी २८ वर्षं सहायक होते. शिकवणारी नव्हे. खिडकीमागे बसून रेझिस्टर, कपॅसिटर, आयसी म्हणजे चिप असे सर्किटचे सुटे भाग मोजून द्यायचे, संध्याकाळी परत घ्यायचे, जळालेले किती आणि पाय मोडलेले किती ते वहीत लिहायचं, हे माझं काम. त्या खिडकीतून माणसं चांगली कळतात. सर्किट चाललं नाही की काही मुलं तडक यायची, ‘मॅडम, आयसी खराब आहे, दुसरा द्या.’ बहुतेक वेळा आयसी ठणठणीत असायचा. ब्रेडबोर्डवर, म्हणजे सर्किट जोडायच्या भोकांच्या पाटीवर, तार एक भोक सोडून बसलेली असायची. दुसरी काही मुलं यायची ती व्होल्टेज वगैरे मोजायचा मीटर मागायला. आधी मोजू, मग बोलू. वर्षाला अशी चारपाचच असायची, पण पुढे त्यांचं कसं होणार याची मला कधी काळजी वाटली नाही.

आणि शेवटच्या वर्षाच्या तोंडी परीक्षेला तर तयार विकत आणलेले रोबोट यायचे. गरम गोंदाने सगळं थापलेलं, तारांचा गुंता वरून काळ्या चिकटपट्टीने झाकलेला. परीक्षक जवळ गेले की मुलांचा जीव वर-खाली. ‘सर, हात लावू नका, आत्ताच चालू झालंय.’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता रोबोट हा शब्द कानावर आला तरी पाठोपाठ तेच ऐकू येतं.

भावाची मुलगी दहा वर्षांची. तिच्यासाठी आधी एक किट आणलं गेलं ते खोक्यावरच्या चित्राला भुलून. निळे डोळे, गुळगुळीत पांढरं अंग, मोबाइलवर बोट फिरवलं की नाचणार. जोडायला चाळीस मिनिटं लागली. नऊ करामती होत्या, नऊच्या नऊ पहिल्याच संध्याकाळी करून झाल्या. मी तिला विचारलं, ‘मोटर कुठे आहे गं?’ म्हणाली, ‘पोटात.’ पोट उघडायला एकही स्क्रू नव्हता. दोन्ही कवच्या चिकटवलेल्या. पुढे घरातला मोबाइल बदलला आणि नव्यावर ते अ‍ॅप चालेना. कंपनीला दोन निरोप धाडले, उत्तर नाही. नाव लिहीत नाही, कारण दुखणं एकट्या त्या कंपनीचं नाही. आज तो पांढरा गडी कपाटावर पुस्तकांना टेकू म्हणून उभा आहे. ते काम मात्र तो चोख करतो.

मोठ्या कंपन्यांचंही काही कायमचं नसतं. लेगोची माइंडस्टॉर्म्स ही रोबोट किटांची गाजलेली मालिका १९९८ साली आली आणि २०२२ च्या अखेरीस कंपनीने ती थांबवली. अर्थात तिथे निदान ठोकळे आणि गिअर हातात उरतात, त्यांचं दुसरं काहीतरी करता येतं. प्रश्न हा विचारायचा: उद्या अ‍ॅप गेलं, कंपनी गेली, तर या खोक्यातलं काय उरेल? २००५ साली इटलीतल्या इव्रेया गावात जन्मलेल्या आर्डुइनो या प्रोग्रॅम घालून चालवायच्या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाचा आराखडाच मुळात खुला ठेवला होता. त्यामुळे तसलेच बोर्ड कितीतरी जण बनवतात आणि त्यावर लिहिलेला प्रोग्रॅम एकाच्या मर्जीवर जगत नाही.

दुसरं किट मी निवडलं. दिसायला अगदीच दरिद्री. खुला बोर्ड, गिअर असलेल्या दोन पिवळ्या मोटरी, त्यांना वीज पुरवणारा मोटर ड्रायव्हर, समोरचा अडथळा ओळखणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर, सांगितलेल्या कोनात वळणारी बोटभर निळी सर्वो मोटर, चार सेलचा होल्डर, जंपर तारांची जुडी आणि सूचनांची एक पत्रिका. पत्रिकेत आकृतीमध्ये तार एका पिनला दाखवलेली आणि प्रोग्रॅममध्ये नंबर दुसऱ्याच पिनचा. भाऊ वैतागला, ‘ताई, हे काय आणलंस? साधी छपाई धड नाही.’ मला मात्र मनातून बरंच वाटलं. अर्ध्या तासात मुलीने ती चूक पकडली आणि पत्रिकेवर पेनाने दुरुस्त केली. छापलेलं खोटं असू शकतं हे दहाव्या वर्षी कळलं, याचं मोल मी काय सांगू.

गाडी जोडली, चालू केली, तर ती जागच्या जागी गरगरायला लागली. भाऊ लगेच पुढे सरसावला. मी त्याचा हात धरला. (तो पंचेचाळीस वर्षांचा आहे, पण माझ्यापेक्षा धाकटा.) मुलगी पोटावर आडवी होऊन बघत राहिली आणि म्हणाली, ‘आत्या, एक चाक पुढे जातंय, एक मागे.’ मग तिने एका मोटरच्या दोन तारांची अदलाबदल केली. गाडी सरळ गेली. त्यावर बापाचं म्हणणं, तारा कशाला, प्रोग्रॅममध्येच दिशा उलटी करायची. बापलेकीचा त्यावर चांगला वाद झाला आणि मी मध्ये पडले नाही. वाद खराच आहे: दोन्हीने गाडी चालते, पण उद्या दुसऱ्याने ती उघडली तर त्याला कोणतं लवकर कळेल? कारखान्यातले लोक अशाच गोष्टींवर तासन्‌तास बैठका घेतात.

खरी मजा पुढे आली. गाडीने भिंत दिसली की थांबायचं, थोडं मागे यायचं, वळायचं, असं ठरलेलं. प्रत्यक्षात ती भिंतीशी यायची, मागे जायला एक गचका द्यायची आणि पुन्हा पुढे जाऊन भिंतीवर आपटायची. सगळ्यांचा संशय सेन्सरवर. भाऊ म्हणाला, ‘सेन्सर खराब आहे, दुसरा मागवू.’ माझ्या खिडकीतलं जुनं वाक्य! मी म्हटलं, तीन संध्याकाळी कोणी काही मागवायचं नाही आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

पहिल्या संध्याकाळी तिने गाडी उचलून हातात धरली आणि सेन्सरपुढे वही धरून पाहिली. अंतराचे आकडे संगणकाच्या पडद्यावर बरोबर येत होते. म्हणजे सेन्सर निर्दोष सुटला. दुसऱ्या संध्याकाळी काही सापडलं नाही, रडारड झाली, गाडी खाटेखाली गेली. तिसऱ्या संध्याकाळी ती म्हणाली, ‘आत्या, भिंतीजवळ आल्यावर बोर्डावरचा दिवा तीनदा मिचकतो. चालू करताना मिचकतो ना, तसाच.’ सुरुवातीला तीनदा दिवा लावायचं तिनेच हौसेने प्रोग्रॅममध्ये घातलं होतं. म्हणजे भिंतीपाशी गाडी पुन्हा जन्माला येत होती! बोर्ड बंद पडून नव्याने सुरू होत होता आणि नव्याने सुरू झालं की पहिली आज्ञा ‘पुढे चल’.

का, ते मीटरने सांगितलं. पुढे धावणाऱ्या मोटरला एकदम उलटं फिरवलं की ती क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट जास्त करंट ओढते. मोटरी आणि बोर्ड एकाच चार सेलांवर. तेही चार्ज करायचे सेल, म्हणजे प्रत्येकी १.५ नव्हे तर १.२ व्होल्ट, चारांचे मिळून ४.८. मोटरींनी हिसका दिला की व्होल्टेज खाली बसतं आणि बोर्डाला भोवळ येते. मीटरची तांबडी-काळी टोकं होल्डरला लावून तिने गाडी हाताने अडवली आणि आकडा घसरताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. तोवर बॅटरी म्हणजे तिच्या लेखी एक तर ‘आहे’ किंवा ‘संपली’. मधलं काही असतं हे त्या दिवशी कळलं.

उपाय तिनेच काढला: ‘धावता धावता एकदम मागे नको. आधी थांबू दे, मग मागे जाऊ दे.’ प्रोग्रॅममध्ये अर्ध्या सेकंदाची थांबण्याची एक ओळ. नव्याने चार्ज केलेल्या सेलांवर गाडी सुतासारखी सरळ वागली. सेल उतरल्यावर पुन्हा तेच. मग मोटरींना वेगळे सेल आणि बोर्डाला वेगळे. तर गाडीला अंगात आल्यासारखं झालं, मन मानेल तशी फिरायला लागली. दोन्ही पुरवठ्यांची ऋण टोकं एकमेकांना जोडायची राहिली होती. हे मात्र मी सांगितलं. ते स्वतःहून सापडायला फार वर्षं लागतात, मलाही लागली होती.

संपादक महोदय, एवढं पाल्हाळ लावलं ते या तीन संध्याकाळींची नोंद तक्त्यात कुठे करायची, हे विचारण्यासाठी. ‘७२ प्रकल्प’ या रकान्यात तर ती बसत नाही. हिशेबाने आमचा अजून एकच प्रकल्प झालाय आणि तोही पूर्ण नाही. प्रकल्पांची संख्या हा आकडा मला सगळ्यात फसवा वाटतो. पहिल्यात दिवा लुकलुकतो, दुसऱ्यात दोन दिवे लुकलुकतात, तिसऱ्यात हळू लुकलुकतात, झाले तीन. प्रोग्रॅम आयता उतरवून घ्यायचा, बटण दाबायचं, पुढचं पान. विचारायचं ते असं, की पुस्तिका संपल्यावर पुस्तिकेत नसलेलं काही यातून करता येईल का?

सेन्सरच्या संख्येचंही तेच. एका सेन्सरवर महिना जाऊ शकतो, मुलाला त्याचा स्वभाव कळू दिला तर. आमचा अल्ट्रासॉनिक सेन्सर कानाला न ऐकू येणारा आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, जाऊन-येऊन म्हणून उत्तर निम्मं करायचं. हा भागाकार मुलीने कंटाळा न करता केला, कारण तो गाडीसाठी होता. पण गाडी भिंतीला घाबरायची आणि पडद्यात मात्र बिनदिक्कत घुसायची. मऊ कापड आवाज गिळतं. तिरक्या ठेवलेल्या फळीवरही आपटायची, कारण प्रतिध्वनी भलतीकडेच जातो. मग घरभर कोणती वस्तू गाडीला ‘दिसते’ आणि कोणती नाही याची यादी झाली. उशी नाही. दार हो. मांजर कधी हो, कधी नाही.

सुटा भाग बदलता येणं याला मी तक्त्यात पहिला क्रमांक देईन. त्या निळ्या सर्वोचं वजन अवघं नऊ ग्रॅम, आतले दाते प्लास्टिकचे. मुलीने ती बंद असताना हाताने पिळून बघितली आणि कटकन दाते गेले. चूक तिची. पण सर्वो सर्वत्र मिळणाऱ्या ठरावीक मापाची होती, म्हणून एक भाग बदलून काम भागलं. तुटलेली आम्ही उघडली आणि इवलाल्या चाकांची उतरंड पाहिली. पिवळ्या मोटरच्या आतही तसंच आहे: आतली मोटर ४८ वेळा फिरते तेव्हा बाहेरचं चाक एकदा. वेग दिला आणि ताकद घेतली. त्या पांढऱ्या गड्याच्या पोटातही असेच दाते असणार, पण ते दिसले कुणाला?

बॅटरीबद्दल जाणत्या पालकांचाही घोटाळा होतो. पुष्कळ स्वस्त किटांत चौकोनी नऊ व्होल्टच्या बॅटरीची टोपी येते. नऊ म्हणजे सहापेक्षा जास्त, म्हणून लोक खूश होतात. पण त्या बॅटरीचा जीव लहान. दिवे, सेन्सर चालतील, मोटरी ओढायला ती कामाची नाही. दहा मिनिटांत गाडी मलूल. मग मूल म्हणतं, मला जमत नाही. त्याला सगळं जमलेलं असतं, दगा बॅटरी देते. लिथियमचे सुटे सेल मी लहान मुलांच्या किटात नकोच म्हणते. शॉर्ट झाले तर आग लागू शकते. आणि भाच्याचं वय तीन, त्याचं प्रत्येक संशोधन तोंडावाटे चालतं. बटण सेल गिळला गेला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजते, एकाहून जास्त लोहचुंबक पोटात गेले तर आतडी मध्ये चिमटतात. धाकटं भावंड असेल त्या घरी हे दोन जिन्नस असलेलं किट आणूच नये. यावर मी वाद घालत नाही.

वयाचा रकाना मात्र तुमचा चांगला होता, त्यात भर एवढीच. आठच्या आतल्या मुलाला पडद्याची गरज नाही. दातेरी चाकं, दोरी, कप्पी, ठोकळे पुरेत. गणितज्ञ सेमूर पॅपर्ट यांनी सहकाऱ्यांबरोबर १९६७ साली मुलांसाठी लोगो ही संगणकाची भाषा केली, पुढे तिच्यातून जमिनीवर फिरणारं यंत्राचं कासव चालवलं; ते स्वतः अगदी लहानपणी मोटारीच्या गिअरच्या नादी लागले होते आणि पुढे गणित कळलं ते त्या गिअरमुळे असं सांगायचे. मोठ्या मुलाला थेट अक्षरांत प्रोग्रॅम लिहायला लावायचीही घाई नको. पडद्यावर एकमेकांत अडकणाऱ्या रंगीत तुकड्यांनी प्रोग्रॅम करायची स्क्रॅच ही भाषा २००७ पासून आहे. २०१६ साली ब्रिटनमध्ये सुमारे दहा लाख शाळकरी मुलांना वाटलेला मायक्रोबिट बोर्ड तुकड्यांनीही चालतो आणि अक्षरांनीही. एकाच बोर्डावर मूल एका पद्धतीकडून दुसरीकडे सरकू शकलं तर नवं खोकं आणावं लागत नाही.

एक प्रयोग मात्र सुचवते, कोणत्याही पुस्तिकेत मला तो दिसला नाही. व्हॅलेंतिनो ब्रायटेनबर्ग या मेंदूच्या अभ्यासकाने १९८४ साली मांडलेली कल्पना आहे. गाडीला पुढे डावीकडे आणि उजवीकडे एकेक प्रकाश ओळखणारा सेन्सर. उजेड जास्त तेवढी मोटर जोरात, एवढाच नियम. डावा सेन्सर डाव्या मोटरला आणि उजवा उजव्या मोटरला जोडला तर गाडी दिव्यापासून तोंड फिरवून पळते. तारा फुलीसारख्या अदलाबदल केल्या तर तीच गाडी दिव्यावर धावून जाते. घाबरट आणि भांडखोर यांत फरक फक्त दोन तारांचा. हे ज्या किटात करता येईल ते घ्यावं. खोक्यावर काय लिहिलंय ते मग वाचलं नाही तरी चालेल.

आणि किटाबरोबर एक साधा मल्टिमीटर घ्यावा. बहुतेक किट विकणारे तो सोबत देत नाहीत, त्याचं मला नवल वाटतं. तार तुटली आहे का हे बीप वाजवून सांगणारा, सेल उतरला का हे आकड्याने सांगणारा. त्याच्याविना मूल फक्त अंदाज करतं आणि अंदाज चुकले की बाबांना हाक मारतं. माझा सेवेतला जुना मीटर मी भाचीला दिला. पहिल्या आठवड्यात तिने घरातला प्रत्येक रिमोट उघडला, भिंतीवरचं घड्याळही उतरवलं. घड्याळाचा सेल १.१ व्होल्टवर आला होता. ‘म्हणून मागे पडतंय का हो आत्या?’ असं विचारत होती. मी म्हटलं, नवा घाल आणि आठवडाभर बघ.

पालकांना एक विनंती, जरा कडू वाटेल. मूल अडलं की पहिला अर्धा तास हात पाठीमागे बांधून उभे राहा. माझ्या भावाला ते फार जड गेलं. तो अभियंता आहे, हे सांगायचं राहिलं.

पुन्हा असा तक्ता छापाल तेव्हा कृपया तीन रकाने वाढवा: स्क्रूने उघडतं का, सुटा भाग बाहेर मिळतो का, अ‍ॅप आणि इंटरनेट नसेल तर काय उरतं. जागा कमी पडली तर प्रकल्पांची संख्या काढून टाका.

कळावे,
आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक

ता. क. – आपल्या मुद्रितशोधकांस नम्र सूचना. मी ‘किट’ सगळीकडे ऱ्हस्व लिहिलं आहे, ते तसंच ठेवावं. मागच्या लेखात दोन ठिकाणी ‘रोबोटिक्स कीट’ छापलं गेलं होतं आणि भाचीने विचारलं, ‘आत्या, यात किडा किती पायांचा असतो?’